नगरच्या शाळांतले शिक्के

कोणत्याही जुन्या माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांच्या खोलीत एक लोखंडी कपाट असते, आणि बाकीची कागदपत्रे मुदत संपली की रद्दीत जात असली तरी ज्याला मुदतच नाही असे जाड पुठ्ठ्याचे, कापडी बांधणीचे एक दप्तर त्या कपाटात पिढ्यान्‌पिढ्या कुलूपबंद राहिलेले असते. कारकुनापासून शिपायापर्यंत सगळे त्याला ‘जनरल रजिस्टर’ म्हणतात. आडव्या धरलेल्या त्याच्या पानावर डावीकडून उजवीकडे रकाने आखलेले असतात: अनुक्रमांक, विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव, धर्म व जात, जन्मस्थळ, अंकी व अक्षरी जन्मतारीख, यापूर्वीची शाळा, प्रवेशाची तारीख, अभ्यासातील प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याचे कारण आणि अखेरीस शेरा. मुलाच्या पाच-सात वर्षांच्या वास्तव्याचा सरकारमान्य वृत्तांत एवढाच. शाळा सोडल्याचा दाखला याच ओळीवरून उतरवला जातो, आणि नोकरी, शिष्यवृत्ती, जातपडताळणी अशा प्रत्येक कचेरीत आयुष्यभर तो दाखवावा लागतो.

या आखीव रकान्यांखेरीज प्रत्येक शाळेत काही अलिखित रकानेही असतात. ढ, उनाड, मागच्या बाकावरचा, वाडीवरचा, बोर्डिंगातला, नादार, बाटगा, कोयत्यावरचा, सरकारचा जावई, ढकलपास, सतरा नंबरवाला ही त्यांतली काही नावे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींना ती कोणी तरी दिलेली असतात आणि पुष्कळदा ती मुलेच पुढे स्वतःची ओळख म्हणून सांगू लागतात. आज अहिल्यानगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नगर जिल्ह्यात अर्वाचीन शिक्षणाचा इतिहास जवळजवळ दोनशे वर्षांचा आहे. तेवढ्याच अवधीत हे शिक्के कसे घडत गेले, कोणी घडवले आणि त्यांनी विद्यार्थ्यांचे काय केले, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादकत्वाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नगर जिल्ह्याचा खंड १८८४ साली प्रसिद्ध झाला. जमीन, पाऊस, पिके, बाजार, किल्ले यांविषयीची त्यातील माहिती आजही उपयोगी पडते आणि ती जमवणाऱ्यांच्या परिश्रमांविषयी आदरच वाटतो. परंतु लोकवस्तीच्या प्रकरणाशी येताच वाचकाचे मन अस्वस्थ होते. तेथे जिल्ह्यातील एकेक जात क्रमाने घेऊन तिचा वर्ण, बांधा, घर, आहार, पेहराव यांच्या बरोबरीने तिचा स्वभावही दोन-चार विशेषणांत उरकला आहे: अमुक जात उद्योगी, अमुक मळकट, अमुक काटकसरी, अमुक भांडखोर. आणि पुष्कळ नोंदींच्या शेवटी, जणू ठरलेला समारोप म्हणून, ही जात आपली मुले शाळेत पाठवते की नाही आणि तिची स्थिती चढती आहे की उतरती, याचा निकाल एका वाक्यात दिलेला आढळतो. ज्या जातीच्या पोरांना गावच्या शाळेच्या ओट्यावर चढू दिले जात नव्हते, त्यांच्याविषयीही मुले शाळेत न पाठवणारे एवढाच मजकूर नोंदला जावा, आणि न पाठवणे व येऊ न देणे यांतील भेद नोंदणाऱ्याच्या लेखणीला शिवूही नये, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत शाळांच्या दप्तरांतून जे घडत राहिले त्याची रीत येथेच ठरलेली दिसते. अडवणूक एकाची, आणि नोंद मात्र दुसऱ्याच्या स्वभावाच्या रकान्यात.

याच जिल्ह्याच्या ठिकाणी या रीतीला पहिला छेद गेला होता, तोही गॅझेटियरच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षे आधी. अमेरिकन मराठी मिशनने नगरचे ठाणे १८३१ साली उघडले. त्या मिशनच्या सिंथिया फॅरार या १८२७ मध्ये मुंबईस आलेल्या अविवाहित शिक्षिका १८३९ साली नगरला आल्या आणि १८६२ मध्ये तेथेच त्यांचा अंत होईपर्यंत त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. मुलीच्या जातीला विद्या पचत नाही, हा त्या काळचा सर्वांत व्यापक शिक्का होता. तो ब्राह्मणाच्या मुलीवर होता आणि महाराच्या मुलीवर तर दुहेरी होता. जोतीराव फुले आपले स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासमवेत नगरला आले, मिस फॅरार यांच्या शाळा त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या, आणि मुली शिकू शकतात की नाही या प्रश्नाचे उत्तर त्यांना वादातून नव्हे, तर पाटीवर अक्षर गिरवणाऱ्या मुलींकडे पाहून मिळाले. १८४८ साली पुण्यात त्यांनी काढलेल्या मुलींच्या शाळेमागे नगरच्या या भेटीची प्रेरणा होती. मिशनमागे धर्मप्रसाराचा हेतू होता हे खरेच, आणि त्यातून पुढे ‘बाटगा’ हा नवा शिक्का ख्रिस्ती झालेल्यांच्या मुलांच्या वाट्याला आला हेही खरे. तथापि जिच्याकडून कोणाची काहीच अपेक्षा नव्हती अशा मुलीला शिक्षिकेने समोर बसवून अपेक्षेने प्रश्न विचारावा, हा प्रकार जिल्ह्यात नवा होता.

नगरातच १८४२ साली निघालेल्या ‘ज्ञानोदय’ या पत्राने १८५५ मध्ये एक निबंध छापला. लेखिका मुक्ता साळवे, फुल्यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातील कोवळ्या वयाची विद्यार्थिनी. विषय मांग-महारांच्या दुःखाचा. आपल्याविषयी दुसऱ्यांनी काय लिहिले आहे याला विद्यार्थिनीनेच लेखी उत्तर देण्याचे मराठीतील इतके जुने दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. त्या निबंधाची धार आजही बोथट झालेली नाही. मुलगी जात लपवत नाही किंवा तिच्याबद्दल क्षमाही मागत नाही. ज्यांनी हा शिक्का मारला त्यांच्याकडे जाब मागते. थोड्याच वर्षांच्या शाळेने एवढे घडवले.

सरकारी शाळांची वाट मात्र निराळी गेली. १८५५ साली शिक्षणखाते स्थापन झाले, आणि लगेच दुसऱ्या वर्षी धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागणाऱ्या एका महार मुलाचा अर्ज मुंबई सरकारपुढे आला. मुलाची बाजू न्याय्य असल्याचे मान्य करूनही, एकासाठी बाकीची मुले शाळा सोडतील या भयाने तो नामंजूर झाला. विलायतेतून या निर्णयाविषयी नापसंती आली, सरकारी शाळा सर्वांस खुल्या असल्याचे तत्त्व कागदावर स्थिरावले, पण तत्त्व आणि ओटा यांच्यातले अंतर कमी व्हायला पुष्कळ काळ जावा लागला. १८८२ च्या हंटर शिक्षण कमिशनपुढे जोतीरावांनी निवेदन दिले तेव्हाही हीच तक्रार होती. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत ज्या मुलाचे नाव पटावर चढले त्याला वर्गात निराळे, गोणपाटावर बसावे लागले, आणि मुंबईस आल्यावर संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही फारसी घ्यावी लागली. पुढे बाबासाहेब आंबेडकर झालेल्या त्या विद्यार्थ्याची ही हकीकत महाराष्ट्राला पाठ आहे. मला तिच्यातील बारीकसा भाग लक्षात ठेवावासा वाटतो, तो असा की शिक्का हा केवळ अपमान करून थांबत नाही. कोणी काय शिकावे याचाही निर्णय तोच करतो.

नगर जिल्ह्यातील भिल्ल, पारधी, कैकाडी अशा समाजांच्या वाट्याला याहून भयंकर शिक्का आला, कारण तो कायद्याचा होता. १८७१ साली उत्तर हिंदुस्थानासाठी झालेला गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ मध्ये मुंबई इलाख्याला लागू झाला. जी जमात जाहीर होई तिच्यातील माणसाला जन्मतःच गुन्हेगार धरून नोंद, ठाण्यावर हजेरी, गावाबाहेर जाण्यास परवाना आणि काही ठिकाणी तारेच्या कुंपणातील वसाहत हे सारे भोगावे लागे. सोलापूरची वसाहत त्यांतली मोठी. या वसाहतींचे अधिकारी असलेले स्टार्ट नावाचे सनदी अंमलदारच १९२८ साली अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीचा विचार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष नेमले गेले; बाबासाहेब तिचे एक सभासद होते. शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहे यांच्या शिफारशी १९३० च्या त्या अहवालात आहेत, आणि पुढील काळात हजारो मुलांना त्यांचा लाभ झाला. पण ज्या दप्तरात बंदोबस्ताची नोंद, त्याच्या शेजारीच सवलतीची नोंद, अशी ही मांडणी होती हे विसरता येत नाही.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला आणि या जमाती विमुक्त म्हणवल्या जाऊ लागल्या. गावाच्या मनातून मात्र कायदा गेला नाही. कर्जत, श्रीगोंदे, जामखेड या बाजूच्या शाळांत काम केलेल्या शिक्षकांना विचारावे: वर्गात कोणाची कंपासपेटी हरवली, कोणाच्या डब्यातले दोन रुपये नाहीसे झाले, तर पहिले दप्तर कोणाचे उघडले जाते? पारध्याच्या पोराचे. ते सर्वांसमक्ष उघडले जाते, पालथे केले जाते, त्यातून वही, मोडकी पट्टी आणि फडक्यात बांधलेली भाकरी निघते, आणि पेटी पुढे कधी तरी दुसऱ्याच बाकाखाली सापडली तरी तेव्हा कोणी काही बोलत नाही. मुलगा दुसऱ्या दिवशी येतो, तिसऱ्या दिवशी येतो, आणि मग येईनासा होतो. रजिस्टरातल्या कारणाच्या रकान्यात ‘सतत गैरहजर’ हे दोन शब्द पडतात. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये आले तेव्हा मराठी वाचकाला धक्का बसला तो दारिद्र्याच्या वर्णनाने. परंतु शाळेचे दार ओलांडताना पोराला सोबत काय काय घेऊन जावे लागते याचीही ती पुस्तके साक्ष आहेत.

त्यांच्याही आधी, १९७८ साली, याच जिल्ह्याच्या मातीतून दया पवार यांचे ‘बलुतं’ आले. त्यांचा जन्म १९३५ साली अकोले तालुक्यातल्या धामणगावचा. बालपण काही मुंबईच्या कावाखान्यात, काही गावच्या महारवाड्यात, आणि पुढचे शिक्षण संगमनेरला बोर्डिंगात राहून. सह्याद्रीच्या पायथ्याच्या त्या मुलखातून तालुक्याच्या शाळेत येणारे पोर त्या काळी दोन जगांत एकाच वेळी नांदत असे. गावात त्याच्या घराण्याकडे वतनाची कामे, दारोदार मिळणारी भाकरी, नावाने हाक मारण्याची गावची तऱ्हा. शाळेत भूमिती, इतिहासातल्या सनावळ्या, वाङ्मयाच्या पुस्तकातली चांदण्यांची वर्णने. ‘बलुतं’ची रचनाच अशी आहे की शिकून सवरून शहरात नोकरी करणारा लेखक आणि दगडू मारुती पवार नावाचा त्याचाच जुना मी यांच्यात संवाद चालतो. पुष्कळांनी याला लेखनाची क्लृप्ती मानले. मला ती क्लृप्ती वाटत नाही. पौगंडावस्थेत ज्याला शाळेने एक ओळख दिली आणि गावाने दुसरी, आणि दोन्हींपैकी एकही टाकता आली नाही, अशा विद्यार्थ्याच्या मनाचा तो यथातथ्य आलेख आहे. पहिल्या बाकावर बसून उत्तर देणारा एक, आणि त्याच्याकडे मागून पाहत आता हा चुकणार की काय या धास्तीने श्वास रोखून धरणारा दुसरा. ज्याच्या मागे असा दुसरा उभा नाही, त्याला एकाग्रता ही गोष्ट फुकट मिळालेली असते, आणि ती फुकट मिळाली आहे हे त्याला कधी कळतही नाही.

बोर्डिंगांचा उल्लेख झाला, तेव्हा त्यांच्याविषयी थोडे थांबून सांगायला हवे. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०१ पासून जातवार वसतिगृहे निघाली आणि त्या उदाहरणाने ठिकठिकाणी खेड्यातील मुलांची शहरात सोय झाली. हे उपकार मोठे आहेत. मात्र जातवार बोर्डिंगातला मुलगा शाळेत ‘अमक्या बोर्डिंगातला’ म्हणूनच ओळखला जाई. त्यावर उपाय शोधला तो भाऊराव पाटलांनी. ते स्वतः जैन. कोल्हापुरात शिकत असताना अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास गेल्याबद्दल त्यांना आपल्या बोर्डिंगातील जागा गमवावी लागली होती. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात असे वसतिगृह काढले की जेथे सर्व जातींची मुले एकाच पंक्तीला जेवत आणि पाणी भरण्यापासून भाकऱ्या भाजण्यापर्यंतची कामे वाटून घेत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. तेथे उपदेशाचा भाग थोडा, कामाची वाटणी फार. चुलीपुढे आळीपाळीने बसणाऱ्या मुलांत कोणाच्या हातची भाकरी फुगते हा प्रश्न उरतो, कोणाच्या हातची चालते हा उरत नाही. या संस्थेच्या शाखा नगर जिल्ह्यात गावोगाव पसरल्या. ज्या गावांतून सातवीनंतर शिकायचे म्हणजे नगर किंवा पुणे गाठायचे, तेथे हायस्कूल आले. जिल्ह्यातील तीन-चार पिढ्यांचे मास्तर, तलाठी, ग्रामसेवक, डॉक्टर या शाळांनी घडवले. 

आणि याच शाळांच्या विस्तारकाळात एक जुना फारसी शब्द विद्यार्थ्यांच्या अंगाला चिकटला. फी भरण्याची ऐपत नसलेल्या मुलाला नादारी मिळे. त्यासाठी बापाचा अर्ज, तलाठ्याकडे हेलपाटे घालून मिळवलेला उत्पन्नाचा दाखला, शाळेच्या कमिटीची मंजुरी असा क्रम असे. पुढे यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत बाराशे रुपयांच्या आतील उत्पन्नाच्या पालकांच्या मुलांना सरसकट फीमाफी मिळाली. ई. बी. सी. या आद्याक्षरांनी खेडोपाडी पोचलेल्या त्या सवलतीने महाराष्ट्रातील कुणब्याचे, कारागिराचे, मजुराचे पोर हायस्कुलात आले, आणि त्या निर्णयाचे मोल कितीही सांगितले तरी कमीच पडेल. परंतु मदत देण्याची पद्धत कशी होती? महिन्याच्या फीच्या दिवशी वर्गशिक्षक हजेरी संपवीत, पावतीपुस्तक उघडीत, आणि पैसे आणलेल्यांची रांग संपली की आवाज चढवून म्हणत, ‘नादारीवाले उभे राहा.’ मग बाके करकरत. वर्गाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून मुले उभी राहत, कोणी खिडकीबाहेर पाहत, कोणी सदऱ्याच्या तुटलेल्या गुंडीशी चाळा करीत, आणि यादीशी नावे ताडून होईपर्यंत उभीच असत. मुली उभ्या राहिल्या की पदराचे किंवा वेणीचे टोक बोटाला गुंडाळीत. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीचा तक्ता आला की तोच प्रकार पुन्हा, फक्त यादी वेगळी. मधल्या सुट्टीत बसलेल्यांपैकी कोणी तरी ‘सरकारचे जावई’ म्हणून हाक मारी, आणि ज्याच्या घरी संध्याकाळी चूल पेटण्याची खात्री नाही त्याला हे ऐकून घ्यावे लागे. मास्तरांच्या मनात दुष्टावा नव्हता. कित्येकांनी स्वतःच्या पगारातून मुलांच्या फिया भरल्या आहेत, आणि त्यांतले पुष्कळसे स्वतःच नादारीवर शिकलेले होते. त्यांना यादी ताडायची होती, आणि यादी ताडण्याची सोयीची रीत तेवढी एकच त्यांना ठाऊक होती.

या रीतीने नेमके काय होते, हे एकविसाव्या शतकाच्या आरंभी उत्तर प्रदेशातील खेड्यांत झालेल्या एका प्रयोगाने दाखवून दिले. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञ स्त्रियांनी सहावी-सातवीतील ३२१ उच्चजातीय आणि ३२१ दलित मुलांना कागदावरच्या भुलभुलैयांची कोडी सोडवायला दिली, प्रत्येक सुटलेल्या कोड्याला पैसे ठेवले. जेथे कोणाची जात पुकारली नाही तेथे दोन्ही गटांच्या मुलांनी सारख्याच तोडीचे काम केले. जेथे कोडी देण्याआधी मुलाचे नाव, गाव, वडिलांचे नाव यांच्यासह जात सर्वांसमक्ष वाचून दाखवली, तेथे दलित मुलांची सुटलेली कोडी स्पष्टपणे कमी भरली. जात काही त्या खोलीत नव्याने आली नव्हती.  नवीन घडले ते एवढेच, की अधिकारी दिसणाऱ्या माणसाने ती मोठ्याने उच्चारली. या अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली, ती विशेष विचार करण्याजोगी आहे: जात पुकारून जातवार वेगळे बसवले तेव्हा उच्चजातीय मुलांचे कामही खालावले. आपण वरचे आहोत हे ज्याला आयते सांगितले, त्याला कोडे सोडवण्याची निकड उरली नसावी.

नादारीवाल्यांना उभे करणाऱ्या वर्गाचा विचार या प्रकाशात केला म्हणजे वाटते की चाळीस-पन्नास वर्षे महाराष्ट्रातील हजारो वर्गांत हाच प्रयोग दरमहा चालू होता, फक्त त्याचे निष्कर्ष कोणी मांडले नाहीत. ते वार्षिक परीक्षेच्या निकालात मुलांच्या बुद्धीच्या खात्यावर जमा झाले.

यावरून काही सज्जन असे म्हणतात की मग रजिस्टरातला जातीचा रकानाच काढून टाकावा. हे मत मला पटत नाही. तोच रकाना शिष्यवृत्तीचे, वसतिगृहाचे, राखीव जागेचे दार उघडतो. जिल्ह्यातल्या कित्येक भटक्या कुटुंबांना आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जात नोंदलेली नाही म्हणूनच नातवाच्या प्रमाणपत्रासाठी वर्षानुवर्षे कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. शिक्क्याने झालेली इजा भरून काढायची तर इजा कोणाला झाली याची नोंद असावीच लागते. ती कपाटात असावी, वर्गात नसावी. आता शिष्यवृत्तीची रक्कम थेट बँकेच्या खात्यात जमा होते, त्यामुळे पुकारा पुष्कळ कमी झाला आहे, आणि संगणकाने केलेल्या भल्यांमध्ये हे एक मोठे भले मी मानतो. तरी अर्ज भरण्याच्या दिवसांत प्रवर्गवार याद्या फळ्याशेजारी चिकटवणाऱ्या शाळा अजून आहेत. त्यांनी ते आजच्या आज बंद करावे.

नगर जिल्ह्याच्या भूगोलाने आणखी एक शिक्का निर्माण केला. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, प्रवरेचे आणि गोदावरीचे कालवे उत्तरेकडे फिरले, आणि १९५० साली लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. राहाते, कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरी हा पट्टा बागाइती झाला. पाथर्डी, जामखेड, शेवगावचा बराचसा भाग कोरडाच राहिला, आणि तेथील माणसे मुकादमाकडून उचल घेऊन उत्तरेकडचा ऊस तोडू लागली. दसरा-दिवाळीला गाड्या निघतात त्या उन्हाळा लागल्यावर परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. आठवी-नववीतली मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळायला आणि कोपीवर स्वयंपाक करायला सोबत न्यावीच लागते, आणि अंगात बळ आलेला मुलगा तर अर्धा कोयता म्हणूनच मोजला जातो. जूनमध्ये वर्गात हुशारीने हात वर करणारा हा विद्यार्थी दिवाळीनंतर पटावर असतो, बाकावर नसतो. परत येतो तेव्हा बीजगणित चार धडे पुढे गेलेले असते. शिक्षक प्रश्न विचारतात, तो गप्प राहतो, आणि ‘कोयत्यावरचं पोर, याला काय येणार’ हा अभिप्राय कोणी तरी पुटपुटते. कारखान्याच्या बाजूच्या शाळेत हंगामापुरते बसायला गेला तर तेथे तो ‘तोडीवाल्यांचा’ असतो. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहांची योजना आली, काही शिक्षकांनी दिवाळीच्या सुट्टीत घरोघर फिरून मुले आजी-आजोबांपाशी ठेवून घेतली. त्या शिक्षकांचे ऋण मोठे आहे. परंतु रजिस्टरातले कारण अजूनही तेच: सतत गैरहजर. मुकादमाच्या उचलीचा, आटलेल्या विहिरीचा त्या रकान्यात कोठेच मागमूस नाही.

अखेरीस बुद्धीच्या शिक्क्याकडे यावे लागते, कारण आजच्या शाळेत सर्वांत निर्धास्तपणे मारला जाणारा शिक्का तोच आहे. पाचवीच्या किंवा आठवीच्या जूनमध्ये आदल्या वर्षीच्या गुणांवरून अ, ब, क अशा तुकड्या पाडण्याची चाल आपल्याकडे जुनी. अ तुकडीला अनुभवी शिक्षक, क तुकडीला ज्यांचे तास भरायचे राहिले आहेत ते. अलीकडे त्यात सेमी इंग्लिशची भर पडली आहे: विज्ञान-गणित इंग्रजीतून घेणारी ती हुशारांची तुकडी, आणि निव्वळ मराठीतून शिकणारी ती बाकीच्यांची. आपल्या मातृभाषेत पायथागोरसचा सिद्धांत समजून घेणे हे मठ्ठपणाचे लक्षण ठरावे, याइतकी दुःखाची गोष्ट मराठी मुलखात दुसरी कोणती असेल? क तुकडीची आडनावे आणि पत्ते वाचून पाहावेत; जिल्ह्याच्या गेल्या दोनशे वर्षांत ज्यांना ज्यांना कोणता ना कोणता शिक्का लागला त्यांचीच नातवंडे-पतवंडे तेथे बहुसंख्य दिसतात, आणि आता त्यांना जातीवरून किंवा गरिबीवरून नव्हे, तर गुणांवरून तेथे बसवल्याचे सांगितले जाते. जातीचा शिक्का अन्यायाचा आहे असे म्हणणारी चार माणसे तरी गावात सापडतात. ‘ढ’ म्हटलेल्याला तेवढाही आधार नाही, कारण तो स्वतःच मान डोलावतो.

शिक्षणहक्काच्या कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे थांबवले, तेव्हा ‘ढकलपास’ हा शब्द रूढ झाला. २०१६ पासून दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘नापास’ऐवजी कौशल्य विकासास पात्र असा उल्लेख येऊ लागला. हेतू चांगला होता. पण दहावीच्या फाटकापर्यंत पोचण्यापूर्वीच चाळणी लागते, ती नववीत. शाळेच्या दर्शनी भिंतीवर ‘शंभर टक्के निकालाची परंपरा’ असा फलक असतो. त्या परंपरेला ज्याच्यापासून धोका वाटतो त्या मुलाच्या पालकाला फेब्रुवारी-मार्चात बोलावले जाते आणि पोराचा सतरा नंबरचा फॉर्म भरा, म्हणजे बाहेरून बसेल, वर्ष वाया जाणार नाही, असे गोडीने समजावले जाते. सतरा नंबरचा अर्ज मुळात ज्यांचे शिक्षण मध्येच तुटले अशा प्रौढांसाठी, कामकऱ्यांसाठी, संसारात पडलेल्या स्त्रियांसाठी फार मोलाची सोय आहे. तिचा उपयोग पंधरा वर्षांच्या मुलाला वर्गाबाहेर काढण्यासाठी होतो. पालक तोडीवरून आलेला असतो, मुख्याध्यापकांपुढे खुर्चीवर बसायलाही संकोचतो, आणि जेथे म्हणतील तेथे अंगठा किंवा सही करतो. मुलगा घरी बसतो, गॅरेजवर जातो, किंवा पुढच्या दिवाळीला गाडीत बसतो.

यावर एक साधा उपाय सरकारच्या हाती आहे आणि त्याला पैशाची गरज नाही. शाळेच्या निकालाची टक्केवारी आज दहावीच्या परीक्षेस बसलेल्या विद्यार्थ्यांवर काढली जाते. ती नववीच्या जूनमध्ये त्या शाळेच्या पटावर जेवढी मुले होती त्या साऱ्यांवर काढावी, दुसऱ्या शाळेत दाखला घेऊन गेलेल्यांचीच तेवढी वजावट द्यावी, आणि हाच आकडा दर्शनी फलकावर लिहिण्याची सक्ती करावी. मग पाथर्डीकडच्या एखाद्या वाडीवरून आलेल्या, दिवाळीनंतर चार महिने उसाच्या फडात असलेल्या मुलाला मार्चमध्ये जादा तास घेऊन बीजगणिताचे राहिलेले धडे शिकवण्याशिवाय शाळेला गत्यंतर उरणार नाही.